वाघाला नाव, माणसाला जमात: चांद्याच्या जंगलातल्या फोटोंचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा ज्यांचा आजचा डेटा संपत आलाय, त्यांच्यासाठी हा आपल्या नव्या भागाचा लिखित मजकूर.

सुरुवातीला एक छोटी परीक्षा. ताडोबातल्या तीन वाघांची नावं सांगा. माया, मटकासुर, वाघडोह. बरोबर ना? रील्स बघणारा कुणीही पटकन सांगेल. वाघडोह मे २०२२ मध्ये म्हातारा होऊन गेला, तेव्हा लोकांनी त्याचे जुने फोटो शोधून शोधून स्टेटसला ठेवले होते.

आता दुसरा प्रश्न. त्याच जंगलात राहिलेल्या, तिथे मोहफुलं वेचलेल्या तीन माणसांची नावं सांगा.

अवघड आहे. आणि असं का झालं, हाच आजचा विषय. चंद्रपूर आणि गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. जुनं नाव चांदा. गेल्या दीडेकशे वर्षांत या जंगलात कॅमेरा वेगवेगळ्या हातांतून आला. सरकारी सर्वेक्षण करणारा, साहेब शिकारी, गावचा स्टुडिओवाला, झाडाला बांधलेलं यंत्र आणि शेवटी आपण सगळे, मोबाइलवाले. प्रत्येक वेळी आपण एकच गोष्ट बघणार आहोत: फोटोखाली काय लिहिलं?

मी पोटापाण्यासाठी दिवसभर डेटाबेस सांभाळतो. तिथे एक साधा नियम असतो. ज्या नोंदीला ओळख नाही, ती नोंद असून नसल्यासारखी, कारण ती परत शोधता येत नाही. फोटोंच्या इतिहासालाही हा नियम अगदी फिट बसतो.

ओली काच आणि माणसाची फूटपट्टी

फोटोग्राफीचा शोध जगासमोर आला १८३९ मध्ये, पॅरिसमध्ये. आपल्याकडे ती फार लवकर पोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांमध्ये डॉ. नारायण दाजी होते. भाऊ दाजी लाडांचे हे धाकटे बंधू. म्हणजे मराठी माणसाच्या हातात कॅमेरा आला तो १८५७ च्या आसपासच. पण तो मुंबईत, शिकल्यासवरलेल्या, पैसेवाल्या घरात.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय उद्योग होता, बघा. काचेवर कलोडियन नावाचं चिकट रसायन ओतायचं, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. काच वाळली की खेळ खलास. म्हणजे फोटोग्राफरसोबत अख्खी प्रयोगशाळा बैलगाडीतून फिरायची. समोरच्याला कित्येक सेकंद हलायची बंदी. हललात तर फोटोत भुतासारखे धूसर दिसणार.

एवढा खटाटोप परवडायचा तो सरकारला. १८७० च्या दशकात पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अलेक्झांडर कनिंगहॅम आपल्या भागात आले. भांदकच्या लेण्या आणि वैनगंगेकाठची मार्कंड्याची देवळं यांचं वर्णन त्यांच्या अहवालांच्या नवव्या खंडात आहे. मार्कंडा आज गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात येतं. महाशिवरात्रीच्या यात्रेला तुमच्यातले बरेच जण गेले असतील.

त्या काळातले देशभरातले देवळांचे सरकारी फोटो नीट बघितले की एक गंमत दिसते. खांबाशेजारी किंवा दारात एक माणूस उभा असतो. धोतर, पागोटं, चेहरा गंभीर. वाटतं, पुजारी असेल, गावकरी असेल. पण त्याला तिथे उभं करण्याचं कारण वेगळं असायचं. देऊळ किती उंच आहे याचा अंदाज यावा, म्हणून. तो माणूस म्हणजे फूटपट्टी. फोटोखाली देवळाचं नाव, ठिकाण, कधी दिशासुद्धा. माणसाचं नाव नाही. फूटपट्टीला कोण नाव विचारतं?

साहेब, शिकार आणि हाकारे

१८६८ ते १८७५ या काळात सरकारने भारतातल्या लोकांच्या फोटोंचं एक पुस्तक आठ खंडांत काढलं. त्यात माणसं जात आणि जमातीप्रमाणे लावलेली आहेत. पुढे १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ काढला. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. त्या ग्रंथातही फोटो आहेत. प्रवासाला निघालेले गोंड, नाचाच्या पोशाखातले माडिया, पायांवर गोंदलेल्या गोंड बाया. फोटो बघताना खरंच थांबायला होतं. पण चित्राखालच्या ओळीत जमात आहे, कधी कृती आहे. ती बाई कोण, कुठल्या गावची, हे कुठेच नाही.

हे सगळं दुष्टपणाने झालं असं मी म्हणत नाही. त्यांना नमुना हवा होता, आणि नमुन्याला नाव लागत नाही. वनस्पतीचं पान वहीत चिकटवतो तसं. पण आज त्या बाईची पणती तो फोटो नेटवर बघत असेल, तरी तिला कळणार नाही की ही आपली पणजी. हा तोटा किती मोठा आहे, ते मोजताही येत नाही.

दुसरीकडे शिकारीचे फोटो. ही चौकट तुम्ही शंभर वेळा पाहिली असेल: मेलेला वाघ, त्याच्यामागे बंदूक घेऊन साहेब किंवा राजेसाहेब, आणि कडेला हाकारे. हाकारे म्हणजे डबे-ढोल बडवत, जिवावर उदार होऊन वाघाला मचाणाकडे हाकणारे गावकरी. फोटोखाली साहेबाचं नाव, वाघाची लांबी फूट-इंचांत, आणि तारीख. वाघाची लांबी मोजली गेली, पण हाकारे किती होते हेही बहुतेक वेळा लिहिलेलं नाही.

हे चित्र हळूहळू बदललं. उत्तरेत हिमालयाच्या पायथ्याशी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा वन अधिकारी होता. त्याने बंदुकीऐवजी कॅमेरा उचलला. रात्री वाघाच्या वाटेवर तार लावायची, वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडणार आणि फोटो निघणार. म्हणजे वाघाने स्वतःच काढलेला सेल्फीच म्हणा! १९२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. आपल्या ताडोबात १९३५ मध्ये शिकारबंदी झाली आणि १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं.

आणि ताडोबा हे नाव कुठून आलं, माहितीये? गोंड लोकांच्या कथेप्रमाणे तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला. तलावाकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौष महिन्यात लोक तिथे दर्शनाला येत. म्हणजे वाघांसाठी जगभर प्रसिद्ध झालेल्या या जंगलाचं नाव मुळात वाघाने मारलेल्या माणसाचं आहे. कॅमेरा नव्हता तेव्हा लोकांनी नाव जपण्याची व्यवस्था केली होती. देव केला, झाड नेमून दिलं, दरवर्षीचा एक महिना ठरवला.

रोल, पडदा आणि पासपोर्ट साइज

मग कॅमेरा सामान्य घरात कधी आला? अमेरिकेत कोडॅकने १९०० मध्ये ब्राउनी नावाचा कॅमेरा एक डॉलरला विकायला काढला. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या हातात यायला बराच वेळ लागला. तुमच्या आजोबांना 'आग्फा क्लिक थ्री' विचारा, डोळे चमकतील. एका रोलवर बारा फोटो. बारा! आज आपण समोसा आला की बारा काढतो.

रोल महाग, धुवायला शहरात पाठवायचा, पंधरा दिवसांनी कळणार की अर्ध्या फोटोंत अंगठा आलाय. त्यामुळे जंगलपट्ट्यातल्या गावांत बऱ्याच घरांसाठी फोटो म्हणजे लग्न, जत्रेतला रंगवलेल्या पडद्यासमोरचा एखादा, आणि सरकारी कामासाठी पासपोर्ट साइज. सकाळी शेतात पडलेलं ऊन, धानाची रोवणी, बोडीवर म्हशी धुणारी पोरं, अंगणात वाळत घातलेला मोह यांचे फोटो कुणी काढायचे? आणि रोल का वाया घालवायचा?

याचा परिणाम आजही भिंतीवर दिसतो. अनेक घरांत आजीचा हार घातलेला फोटो नीट बघा. मागे पांढरा किंवा निळा पडदा, नजर सरळ, चेहरा थोडा घाबरलेला. तो निवडणूक ओळखपत्राचा किंवा आधारचा फोटो मोठा करून घेतलेला असतो. सत्तर वर्षांच्या आयुष्यातला एकच फोटो, आणि तोही सरकारला हवा होता म्हणून काढलेला.

झाडाला बांधलेला कॅमेरा

आता यंत्राकडे येऊ. पूर्वी वाघ मोजायचे ते पंजाच्या ठशांवरून. पण २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता हे उघड झालं, तेव्हा सगळ्यांचीच झोप उडाली. त्याआधीच, नव्वदच्या दशकात, कर्नाटकातल्या नागरहोळेत उल्हास कारंत यांनी कॅमेरा ट्रॅप वापरून मोजण्याची पद्धत बसवली होती. पुढे देशभर तीच दिशा धरली गेली.

कल्पना भारी आहे. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. पण डाव्या कुशीचे पट्टे आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. समोरून ऊब असलेलं काही हललं की सेन्सर जागा होतो आणि फोटो निघतो. मग सॉफ्टवेअर पट्टे जुळवून सांगतं की हा तोच वाघ की दुसरा.

२०१८-१९ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले. फोटो निघाले ३,४८,५८,६२३. त्यात वाघांचे ७६,६५१. म्हणजे हजार फोटोंमागे साधारण दोन! गिनीज बुकात नोंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. इंजिनिअर म्हणून मला याचं मनापासून कौतुक आहे. वाघाला नंबर मिळाला, प्रत्येक वाघाची फाइल तयार झाली, त्यामुळे तो गायब झाला तर कुणीतरी विचारतं.

पण सेन्सरला वाघ आणि बाई यांतला फरक कळत नाही. दोघांच्याही अंगाला ऊब असते.

मार्च-एप्रिलमध्ये मोह रात्रभर गळतो. बाया पहाटे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर केला तर जनावरं फुलं खाऊन टाकतात. फोटोग्राफर ज्याला 'गोल्डन अवर' म्हणतात ना, तो कोवळ्या उन्हाचा तास, तीच मोह वेचायची वेळ. आणि साधारण तीच वाघ फिरायचीही वेळ. एकाच उजेडात जिप्सीतला टुरिस्ट फोटो शोधतोय, बाई फुलं शोधतेय, वाघ परत सावलीकडे चाललाय. चंद्रपूर जिल्ह्यात माणसं वाघाच्या हल्ल्यात सापडल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो, त्या बऱ्याचदा या वेळेतल्या असतात.

२०२४ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला, उत्तराखंडातल्या कॉर्बेटबद्दल. संशोधक तिथे १४ महिने राहिला, २७० लोकांशी बोलला. त्याला काय आढळलं? जंगलात लाकूडफाटा, गवत आणायला जाणाऱ्या बाया मोठ्याने गाणी म्हणत, बोलत चालायच्या. गप्पांसाठी तर होतंच, पण आवाजाने जनावर दूर राहावं म्हणूनही. कॅमेरे लागल्यावर कुणीतरी बघतंय या भावनेने आवाज खाली आला, काही जणी अनोळखी वाटांनी जाऊ लागल्या. म्हणजे धोका वाढला. शौचाला गेलेल्या एका बाईचा कॅमेरा ट्रॅपमधला फोटो तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला गेला. चिडून गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले.

हे कॉर्बेटचं आहे, ताडोबाचं नाही. पण कॅमेरा तोच, पहाट तीच आणि बायांचं कामही साधारण तेच. म्हणून प्रश्न आपणही विचारायला हवा: जो फोटो वाघाचा नाही, त्याचं पुढे काय होतं? तो कोण बघतं, कधी पुसतं? फोटोत आलेल्या बाईला हे विचारायचा हक्क आहे.

२ एप्रिल २०२२, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास

गुढीपाडवा होता. विदर्भात, खानदेशात, मध्य प्रदेशात लोक अंगणात, गच्चीवर होते. आकाशात अचानक जळते गोळे एका रांगेत, मागे शेपट्या सोडत सरकताना दिसले. हजारो मोबाइल वर झाले. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान पेटलं, कुणी म्हणालं क्षेपणास्त्र. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून धातूची मोठी रिंग पडली. व्यास साधारण तीन मीटर. जवळच पवनपारला धातूचा गोळा सापडला.

खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं की हा बहुधा चीनच्या 'लाँग मार्च थ्री-बी' रॉकेटचा तिसरा टप्पा. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलं होतं, त्याचा टप्पा त्याच सुमारास परत वातावरणात शिरणार होता, आणि त्याचा मार्ग लोकांना दिसलेल्या मार्गाशी जुळत होता. नंतर इस्रोचं पथकही येऊन गेलं.

इथे थांबून विचार करा. 'मार्ग जुळला' हे कशामुळे कळलं? कुठून, किती वाजता, कुठल्या दिशेला दिसलं हे लोकांनी सांगितलं म्हणून. ज्यांनी हलत्या हातांनी, ओरडत, 'अरे बघ बघ' करत व्हिडिओ काढले, ते सगळे हौशी होते. फोकस नाही, ट्रायपॉड नाही. तरी ते व्हिडिओ पुरावा झाले, कारण त्यांना वेळ आणि ठिकाण होतं. दीडेकशे वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्यातला माणूस फोटोत फूटपट्टी होऊन उभा राहिला, त्याच जिल्ह्यातल्या माणसांनी इथे स्वतः मोजमाप पुरवलं.

आणि तेच व्हिडिओ चार ग्रुपमधून फॉरवर्ड होऊन आले तेव्हा? कुठलं गाव, कोण काढणारा, काही कळत नाही. याचं एक तांत्रिक कारण आहे. मोबाइल फोटो काढतो तेव्हा फाइलच्या आत तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही लिहून ठेवतो. पण तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की ही माहिती गळून पडते. म्हणजे आपण दररोज कोट्यवधी फोटो पुन्हा त्या १९१६ च्या पुस्तकासारखे करून टाकतोय. चेहरा आहे, नाव नाही.

गवताखालचं गाव

याचं गांभीर्य कळायला परत ताडोबात जाऊ. गाभा क्षेत्रातली बोटेझरी, नवेगाव, जामनी अशी गावं तिथून उठवून बाहेर वसवली गेली. घरं गेली, शेतांची कुरणं झाली, हरणं आली, मागोमाग वाघ आले. आज 'नवेगावचं कुरण', 'जामनी' ही वाघ दिसायची हमखास ठिकाणं म्हणून प्रसिद्ध आहेत. सुंदर फोटो येतात तिथून. सोनेरी गवत, मागून ऊन आणि मधोमध वाघ. फोटोखाली वाघाचं नाव आणि 'जामनी'. ज्या गवतावर तो बसलाय, तिथे कुणाची तरी चूल होती, हे त्या फोटोत दिसत नाही.

पुनर्वसन योग्य की अयोग्य, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. त्यावर वेगळा भाग करू. पण गाव उठायच्या आधीचे किती फोटो आहेत? असतील ते कुणाच्या जुन्या, स्क्रीन फुटलेल्या फोनमध्ये आहेत. तो फोन भंगारात गेला की गाव दुसऱ्यांदा गेलं.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, २००९ मध्ये. या कायद्याच्या नियमांत जुनी गॅझेटियर, उपग्रहाची छायाचित्रं आणि गावातल्या वृद्धांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून धरले आहेत. म्हणजे 'आमची माणसं इथे होती, ही झाडं, हे तळं आमच्या वापरातलं' हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कायद्याने किंमत दिलीये. फक्त तो माणूस कोण, हे लिहिलेलं लागतं. बिननावाच्या माणसाचा जबाब होत नाही.

मग आपण काय करायचं?

डीएसएलआर लागत नाही. ताडोबाच्या गाभ्यात सफारीला मोबाइल नेता येत नाही, मोठा कॅमेरा पैसे भरून नेता येतो. गोंगाट आणि गर्दी बघता ते नियम का आले, हे समजण्यासारखं आहे. पण इतिहासासाठी लागणारे फोटो तसेही सफारीत मिळत नाहीत. ते अंगणात, बाजारात, बांधावर मिळतात.

फोटो काढायच्या आधी विचारा. 'मावशी, काढू का?' एवढं पुरतं. नाही म्हटलं तर नाही. गडचिरोलीत तर हे जास्तच जपायला हवं. पोलीस आणि नक्षलवादी यांच्या मध्ये सापडलेल्या गावांत आपला फोटो कुणाच्या हाती लागेल याची भीती लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलीये. तिथे नाव लिहायचं की नाही, हे ज्याचं नाव आहे त्यानेच ठरवायचं. नाव न विचारणं आणि नाव विचारून त्याच्या सांगण्यावरून झाकणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हो म्हटलं तर चार गोष्टी लिहा: कोण, कुठलं गाव, कुठली तारीख, काय चाललंय. फाइलच्या नावातच लिहा, म्हणजे फाइल कुठेही गेली तरी सोबत राहील. पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तारीख शाबूत राहते. त्या माणसालाही एक प्रत द्या, शक्य असेल तर कागदावर. आणि वाघ दिसला तर उलट करा: लोकेशन बंद ठेवा, ताजा ठावठिकाणा टाकू नका. गर्दीही जाते तिथे आणि शिकारीही.

आणि एक काम याच आठवड्यासाठी. घरात जुना अल्बम असेल, नाहीतर बिस्किटाच्या डब्यात फोटो असतील. आजी-आजोबा, काका-आत्या कुणीतरी जाणतं माणूस जवळ बसवा आणि मागच्या बाजूला पेन्सिलने नावं लिहून घ्या. बॉलपेन नको, दाब पडून पुढच्या बाजूला वळ उमटतो. घाई मात्र करा, कारण फोटो टिकतात, त्यातली माणसं ओळखणारी माणसं टिकत नाहीत.

एवढंच आजच्या भागात. तुमच्या गावच्या एखाद्या फोटोची गोष्ट असेल, तर नावानिशी सांगा. भेटू पुढच्या भागात, तोवर काळजी घ्या!